नवव्या प्रकरणातली सासू

धाकटीची कादंबरी दहाव्या प्रकरणात अडली, त्याला चौदा महिने होऊन गेले होते. नायिका स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलेली, हातात अर्धवट जळलेलं पाकीट, शेगडीवर चहाचं आधण. चौदा महिने ते आधण उकळत होतं आणि बाई जागची हलत नव्हती. धाकटीने सगळे उपाय करून पाहिले. दारावर टकटक करायला एक अनोळखी माणूस पाठवला. तो आला, दोन पानं बोलला, आणि त्याचं पुढे काय करायचं ते न सुचल्यामुळे त्याला आल्या पावली परत पाठवावं लागलं. मग शेजारच्या घराला आग लावून पाहिली. मग नायिकेला ताप आणला. तोही दीड पानात उतरला. बाई पुन्हा टेबलाशी.

धाकटीला सगळे धाकटी म्हणायचे ते घरातली धाकटी सून म्हणून. थोरली सून थोरल्या मुलाबरोबर केव्हाच दूरदेशी जाऊन स्थायिक झाली होती, पण हिचं नाव चिकटलं ते चिकटलंच. आता वय त्रेपन्न, केस निम्मे पांढरे, तरी धाकटीच. शहराच्या पाणीपुरवठा खात्यात ती नकाशे काढायची. कुठल्या रस्त्याखालून किती इंची नळ जातो, कुठे वळतो, झडप कुठे आहे, हे कागदावर आखायचं. कचेरी तळमजल्यावर, खिडक्या रस्त्याच्या पातळीला. दिवसभर माणसांचे फक्त पाय दिसायचे. भर दुपारीही दिवे लावावे लागत. रद्द झालेले नकाशे ती घरी आणायची आणि त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर कादंबरी लिहायची. पहाटे पाच ते सात. नवरा वारल्यानंतर वर्षभराने तिने ती लिहायला घेतली होती. लेक नोकरीनिमित्त दुसऱ्या शहरात राहायची. घरात उरल्या दोघी, धाकटी आणि तिच्या सासूबाई.

सासूबाई ऐंशीच्या. आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केलेली बाई. कानाला यंत्र लावून, दोऱ्या खोचून, या गावचं माणूस त्या गावच्या माणसाला जोडून द्यायचं आणि तीन मिनिटं झाली की मध्येच तोंड घालून "तीन मिनिटं झाली" म्हणायचं, हे त्यांचं काम. सोबतच्या बायका त्यांना हॅलोबाई म्हणायच्या. दोन वर्षांपूर्वी त्यांची नजर पार गेली. कान मात्र शाबूत होते, नव्हे, पूर्वीपेक्षा तिखट झाले होते. खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांचं आणि त्यांच्या बायकोचं कशावरून बिनसलंय, हे त्या खाटेवर पडल्या पडल्या सांगायच्या.

एका सकाळी धाकटी चहा घेऊन त्यांच्या खोलीत गेली, तर त्या म्हणाल्या, "हल्ली अडलीयेस वाटतं."

"कुठे?"

"पहाटे लिहितेस ते. आधी पेन कसं सरसर चालायचं. आता चार शब्दांचा आवाज येतो आणि मग एक लांबलचक रेघ. खोडतेस."

तीन वर्षं धाकटी दार लोटून, खुर्ची न सरकवता, चोरासारखी लिहीत होती. "ऑफिसचं काम आहे, आई."

"ऑफिसचं काम कोणी इतकं जिवावर उदार होऊन खोडत नाही." सासूबाईंनी चाचपडत कप धरला. "गोष्ट लिहितेयस. माझ्या डोळ्यांना दिसत नाही, अकलेला दिसतं. वाचून दाखव."

"तुम्हाला नाही आवडायची."

"मला काय आवडायचं राहिलंय आता? रविवारी वाच. दुपारी."

धाकटीने आठवडाभर सबबी शोधल्या. खरं तर नाही म्हणणं सोपं होतं. पण नाही म्हणवेना, आणि त्याचं कारण तिचं तिला ठाऊक होतं, जरी ते तिने कोणापाशी कबूल केलं नसतं. त्या कादंबरीत एक सासू होती. तोंडाने गोड, आतल्या गाठीची. सून परिचारिका, तिला लांबच्या मोठ्या इस्पितळातून नेमणुकीचं पत्र येतं, आणि सासू ते पत्र शेगडीवर जाळते. नवव्या प्रकरणाच्या शेवटी सासू जिन्यावरून पडून मरते, आणि दहाव्यात सुनेला तिच्या कपाटात ते अर्धवट जळकं पाकीट सापडतं.

यातलं सगळंच काही मनाने रचलेलं नव्हतं. बावीस वर्षांपूर्वी, धाकटी एकतीस वर्षांची असताना, तिने दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या नकाशा संस्थेत अर्ज केला होता. तिथे डोंगर, नद्या, किनारे यांचे नकाशे व्हायचे. मुलाखत झाली, चांगली झाली, "आठवड्याभरात फोन करू" असं त्यांनी सांगितलं. पाच वर्षांच्या लेकीला घेऊन जायचं, नवऱ्याने मागून बदली करून घ्यायची, असं ठरलंही होतं. फोन आला नाही. पुढे सहा वर्षांनी एका प्रशिक्षणात त्याच संस्थेतली एक बाई तिला भेटली. बोलता बोलता म्हणाली, "तुम्ही का नाही आलात हो? आम्ही फोन केला होता. उलट तुमच्याच घरून एका बाईंचा फोन आला, त्यांना यायचं नाही म्हणून. किती छान बोलल्या!"

घरात छान बोलणारी बाई एकच होती. धाकटी त्या दिवशी घरी आली, स्वयंपाक केला, वाढलं, आणि काही विचारलं नाही. आज विचारू, उद्या विचारू, असं करता करता सोळा वर्षं गेली. आणि आता ती बाई स्वतःच्या तोंडाने म्हणत होती, वाचून दाखव.

जे विचारता आलं नाही ते वाचता येईल, असं तिच्या मनात आलं. मनात आलं ते काही चांगलं नव्हतं, तेही तिला कळलं.

रविवारी दुपारी वाचन सुरू झालं. त्या वर्षी आभाळ महिनोन् महिने राखाडी राहिलं होतं. सासूबाईंच्या खोलीच्या भिंतीला ओल आलेली, एकुलती खिडकी समोरच्या इमारतीच्या भिंतीकडे उघडणारी. धाकटी खाटेशेजारी खुर्ची ओढून बसायची, एकेक प्रकरण वाचायची, आणि सासूबाई डोळे मिटून ऐकायच्या. डोळे मिटायची खरं तर आता गरज नव्हती, सवय.

पहिल्या प्रकरणाला त्या म्हणाल्या, "तुझी माणसं भांडताना पूर्ण वाक्यं बोलतात. कोण बोलतं असं? मी उभा जन्म लोकांची भांडणं ऐकली. 'तू नेहमीच' म्हणतात आणि थांबतात. पुढचं समोरच्याला पाठ असतं."

तिसऱ्याला म्हणाल्या, "ही सासू मी का?"

"कादंबरी आहे, आई."

"असू दे. मी चहात इतकी साखर घालत नाही, तेवढं बघ."

धाकटीला वाटलं होतं, पत्र जाळण्याचं प्रकरण आलं की त्यांचा चेहरा बदलेल. सातव्या रविवारी ते आलं. तिने मुद्दाम सावकाश वाचलं. पाकीट पेटतं, सासू चिमट्याने ते उलटवते, खिडकी उघडून धूर बाहेर घालवते. वाचता वाचता तिने दोनदा वर पाहिलं. सासूबाईंच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, "पाणी दे," आणि पाणी पिऊन भिंतीकडे तोंड करून झोपल्या.

नवव्या रविवारी सासू जिन्यावरून पडली आणि गेली.

"मेले का मी?" सासूबाईंनी विचारलं.

"ती गेली, हो."

"जिन्यावरून? मी आजवर कठडा सोडून जिना उतरलेली नाही." त्या हसल्यासारख्या झाल्या, पण हसू वर आलंच नाही. "पुढे?"

"पुढे नाही. इथेच अडलंय. पत्र सापडतं आणि मग ती बसूनच राहते."

"बसणारच. तू मला लवकर मारलंस. आता ती विचारणार कोणाला? पाकिटाला?"

हे धाकटीच्या ध्यानात आलं नव्हतं असं नाही. पण मेलेल्या माणसाला परत उठवायचं तर सगळं मुळापासून लिहावं लागलं असतं, आणि तेवढा दम तिच्यात नव्हता.

"आणि दुसरं," सासूबाई म्हणाल्या. "तिचा नवरा काय करतो?"

"म्हणजे?"

"मी मोजत होते. पडल्या पडल्या दुसरं काम काय? नऊ प्रकरणांत तो चार वेळा पेपर वाचतो, दोनदा दिवा दुरुस्त करतो, एकदा मुलीला खांद्यावर घेऊन फिरायला जातो. बाकी काही नाही. ना हो, ना नाही. पत्र येतं तेव्हा तो कुठे असतो?"

"कामावर."

"रोज? घरात एवढी उलथापालथ चाललीय आणि हा आपला दिवा बदलतोय. असा माणूस नसतो गं. देवमाणूस करून ठेवलंयस त्याला. म्हणून तुझी गाडी रुतलीय. चाक तिथे आहे आणि तू भलतीकडे ढकलतेयस."

"तो तसाच होता," धाकटी म्हणाली, आणि लगेच जीभ चावली. कादंबरीतल्या माणसाबद्दल बोलताना 'होता' कशाला?

सासूबाईंनी मान वळवली. त्यांचे पांढरट डोळे तिच्या खांद्याच्या थोडे पलीकडे लागले होते. "फोन आला होता," त्या म्हणाल्या. "पत्र नाही. फोन."

खालच्या मजल्यावर कोणीतरी नळ सोडला. भिंतीतून पाणी वर चढल्याचा आवाज आला. धाकटीने मांडीवरचे कागद घट्ट धरले.

"मंगळवार होता. तू ऑफिसात. मी उचलला. तिकडची बाई म्हणाली, पुढच्या महिन्यात रुजू व्हायचंय, दोन दिवसांत कळवा. मी नंबर लिहून घेतला. तुला निरोप द्यायचा म्हणूनच घेतला, ते तू मान नाहीतर नको मानूस. बाळ घरात होता. सर्दीने बेजार, रजा काढलेली. त्याला सांगितलं."

बाळ म्हणजे धाकटीचा नवरा. पस्तिशीतही त्या त्याला बाळच म्हणायच्या.

"मग?"

"म्हणाला, तिला सांगू नकोस. मी म्हटलं, अरे, तिचं आहे ते. तर तिथेच फोनपाशी खाली बसला आणि रडायला लागला. म्हणाला, ती तिकडे गेली की तिला कळेल, मी किती लहान माणूस आहे. बदलीचा अर्जही त्याने केलेला नव्हता. तुला सांगितलं होतं केला म्हणून. दुसऱ्या दिवशी तोच म्हणाला, आई, तू कर फोन. तुझा आवाज चांगला आहे."

"आणि तुम्ही केलात."

"केला. आयुष्यभर तेच तर केलं होतं. असं सांगितलं, असं सांगितलं की समोरच्या बाईने पुन्हा विचारलंसुद्धा नाही. उलट तुला शुभेच्छा दिल्या. आणि मला वाईट वाटलं म्हणू का आता? खोटं कशाला बोलू. बरंच वाटलं. त्याच वर्षी निवृत्त होणार होते. तू पोरीला घेऊन गेली असतीस, तो मागून गेला असता. मी रिकाम्या घरात भिंतींना हॅलो म्हणत बसले असते."

"इतकी वर्षं का नाही सांगितलंत?"

"तो होता तोवर तुझा संसार होता. तो गेल्यावर तुझ्यापाशी त्याची आठवण होती. माझ्यावर तुझा राग होता, तो मला ऐकू यायचा, भांडी ठेवायचीस त्यातसुद्धा. म्हटलं, एक माणूस वाईट ठरतंय ना, तेवढ्यात भागतंय तर भागू दे." मग हळूच म्हणाल्या, "पण तू वाचलंस ना, मी पत्र उलटवून उलटवून जाळते ते. ते काही सोसवलं नाही."

धाकटी उठली, कागद गोळा केले आणि खोलीबाहेर गेली.

पुढचे बारा दिवस ती सासूबाईंशी कामापुरतं बोलली. औषध घ्या. उठा. हात द्या. आंघोळ घालताना त्यांची पाठ चोळायची तेव्हा हाताखाली मणका न् मणका लागायचा, आणि तिला वाटायचं, ही बाई खोटं बोलत असेल. मेलेला माणूस उत्तर द्यायला येत नाही. त्याच्या नावावर काहीही खपवता येतं. आईच लेकाच्या माथी मारते आहे, मरायच्या आधी आपले हात धुऊन घेते आहे. हे समजायला सोपं होतं आणि पचायलाही.

पण कचेरीत, खिडकीतून जाणारे पाय बघत, ओळीवर ओळ आखताना तिला तो आठवडा आठवायला लागला. त्याला सर्दी झाली होती, हे खरं. त्या आठवड्यात तो तिच्याशी फार प्रेमाने वागला होता, हेही खरं. रोज संध्याकाळी तिला घ्यायला कचेरीच्या दाराशी यायचा, लाल नाक घेऊन, गळ्याला मफलर गुंडाळून. तिने तेव्हा मैत्रिणींना कौतुकाने सांगितलं होतं. महिना उलटला, फोन आला नाही म्हणून ती रडली, तेव्हा त्यानेच तिला जवळ घेतलं होतं. म्हणाला होता, "पुढच्या वेळी अर्ज कर. मी स्वतः टाकून येईन."

आणि दोन वर्षांनी तिने खरंच पुन्हा अर्ज केला होता. तो पेटीत टाकायला तोच गेला होता. त्या अर्जाचं उत्तर कधीच आलं नाही.

हातातलं पेन घसरलं आणि नदीकाठच्या मुख्य नळाची रेघ सरळ एका शाळेतून आरपार गेली. शेजारच्या टेबलावरच्या मोजणीदाराने पाहिलं, म्हणाला, "बाई, पोरं बुडवाल." ती हसली नाही. बाहेर जाऊन तोंड धुऊन आली.

त्या अर्जाचं काय झालं हे तिला आता कोणीही सांगू शकणार नव्हतं. सासूबाईंना ती विचारायला गेली, तेव्हा त्या म्हणाल्या, "ते मला ठाऊक नाही. ते ठाऊक असतं तर तेही सांगितलं असतं." त्यांच्या आवाजात अशी काही थकावट होती की धाकटीचा त्यांच्या सगळ्याच सांगण्यावर विश्वास बसला. बसला म्हणजे काय, बसायला नको असताना बसला.

तेराव्या दिवशी पहाटे तिने कागद काढले. दहाव्या प्रकरणाला हात लावला नाही. उलट मागे गेली, चौथ्यात, जिथे नवरा खुर्चीवर चढून दिवा बदलत होता. त्याला तिने खाली उतरवलं. त्याला सर्दी केली, मफलर दिला. सातव्यातलं पत्र इथेच सासूच्या हातात दिलं आणि त्याला दारात उभं केलं. मग थांबली. पुढचं वाक्य तिला माहीत होतं. ते लिहिलं की तो गेल्यापासून चार वर्षं आठवणीत उशाशी जपलेला माणूस पुन्हा तसा मिळणार नव्हता. तिने पेन खाली ठेवलं, उठून गार पाणी प्यायली, परत बसली आणि लिहिलं, की तो म्हणाला, तिला सांगू नकोस.

त्यानंतर हात थांबेना. आग नको झाली, ताप नको झाला, अनोळखी माणूस तर तिने पानांसकट फाडून टाकला. सासू जिना नीट उतरली, कठडा धरून. नवरा खोटं बोलायला लागला आणि खोटं बोलताना जितका गोड वागायला लागला तितका तो कागदावर जिवंत होऊ लागला, त्याच्या सगळ्या भित्रेपणासकट. धाकटीला त्याचा संताप यायचा, आणि दुसऱ्या ओळीला त्याची कीव यायची, आणि दोन्ही लिहावं लागायचं. सातला ती उठायची तेव्हा बोटं आखडलेली असायची आणि मानेत कळ. आनंद म्हणावा असं काही नव्हतं त्यात. एखादा दात उपटून घ्यावा आणि जीभ सारखी त्या खड्ड्यात जावी, तसं चाललं होतं.

"चाललं वाटतं," एका सकाळी सासूबाई म्हणाल्या.

"हो."

"ऐकू येतंय." मग जरा वेळाने, "मला वाच."

"तुम्हाला त्रास होईल."

"तुला लिहिताना झाला नाही?"

तिने वाचलं. फोनपाशी बसून रडणारा नवरा आता पायरीवर बसून रडत होता, हातात पत्र होतं, पण बाकी तेच. सासूबाईंच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी येऊन कानाकडे ओघळलं. त्यांनी ते पुसलं नाही.

"त्याला फार वाईट नको करूस गं," त्या म्हणाल्या.

"केलं नाही, आई."

"ते ऐकलं. म्हणूनच सोसत नाही." नाक ओढून त्या म्हणाल्या, "आणि मला फार चांगली करू नकोस. तो रडला म्हणून मी ऐकलं असं लिहिलंयस. मला हवंच होतं, म्हणून ऐकलं. ते घाल."

धाकटीने ते घातलं.

सोळा प्रकरणं झाली. तीन राहिली होती, तेव्हा सासूबाईंना थंडी बाधली आणि छातीत कफ भरला. इस्पितळातल्या लांबट खोलीत, अकरा खाटांपैकी दाराजवळच्या खाटेवर त्यांना ठेवलं. कानाला आता मशीनच्या टिकटिकीखेरीज काही ऐकू येत नव्हतं बहुतेक. धाकटी एक प्रकरण पिशवीत घालून घेऊन गेली होती, पण सगळ्यांदेखत मोठ्याने वाचायचा धीर झाला नाही. उद्या डॉक्टरांना विचारून वाचू, असं म्हणून ती त्यांचे पाय दाबत बसली. पाचव्या दिवशी दुपारी चार वाजता त्या गेल्या. प्रकरण पिशवीतच राहिलं.

लेक आली. आजीची लाडकी होती ती. चार दिवस दोघींनी मिळून घर आवरलं, कपडे बांधले, भेटायला येणाऱ्यांना चहा दिला. थोरल्याने लांबून फोनवर रडून घेतलं. पाचव्या दिवशी धाकटी कामावर गेली आणि लेकीच्या हाती टेबलावरचा गठ्ठा लागला. धाकटी संध्याकाळी घरी आली तेव्हा दिवा न लावता लेक तशीच जमिनीवर बसलेली, कागद मांडीवर.

"हे खरं आहे?" तिने विचारलं.

"कादंबरी आहे."

"मी ते नाही विचारलं, आई."

धाकटीने पिशवी खाली ठेवली, चपला काढल्या, आणि लेकीसमोर बसली. "मी आजीला वाचून दाखवत होते, तेव्हा तिनेच सांगितलं. तुझ्या बाबांना विचारायला ते नव्हते. मला खरं वाटतं."

"आणि तू ते लिहिलंस. सगळ्यांनी वाचावं म्हणून."

"अडलं होतं म्हणून."

"अडलं होतं!" लेक उसळून म्हणाली. "कादंबरी अडली म्हणून बाबांना ओढलंस तिच्यात? नसती झाली पुरी तर काय बिघडलं असतं?"

काही बिघडलं नसतं. पाठकोऱ्या कागदांचा एक गठ्ठा माळ्यावर गेला असता, इतकंच. धाकटी म्हणाली, "ते तुला खांद्यावर बसवून फिरायला न्यायचे ना, ते आहे त्यात. सहाव्या प्रकरणात."

"वाचलं."

"ते काढलं नाही मी. तेही खरं आहे."

"मग मी कुठलं धरू?" लेकीचा आवाज फाटला. ती पुन्हा पाच वर्षांची झाल्यासारखी दिसली. धाकटीने हात पुढे केला, तो तिने घेतला नाही. पण उठूनही गेली नाही. अंधार पडेस्तोवर दोघी तशाच बसल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने लेक गेली. जाताना दारात म्हणाली, "आजीला ऐकवलंस, मला का नाही?" आणि उत्तराची वाट न बघता जिना उतरली.

राहिलेली तीन प्रकरणं पाच आठवड्यांत झाली. वाचून दाखवायला कोणी नसल्यामुळे ती चांगली झाली की नाही, हे धाकटीला सांगता येईना. माणसं बोलतात तशी बोलतायत का, हे तपासायला ती संवाद एकटीच मोठ्याने म्हणून बघायची, आणि खोलीत आपलाच आवाज ऐकून गप्प व्हायची. लेकीचं म्हणणं मनात घोळत होतं, तरी नवऱ्याच्या त्या प्रसंगातला एकही शब्द तिने बदलला नाही. बदलायला बसली होती दोनदा. जमलं नाही.

शेवटची प्रकरणं तिने लेकीला पाठवली. मिळाली म्हणून लेकीने कळवलं. वाचली की नाही, ते कळवलं नाही. एक आठवडा गेला, दोन गेले. दर रविवारी दोघी बोलायच्या. तब्येत, हवा, घरमालकाने रंग काढायचं पुन्हा पुढे ढकललं ते, असलं काहीबाही. चौथ्या रविवारी बोलणं संपत आलं तेव्हा धाकटी म्हणाली, "वाचलंस का?"

"अजून नाही," लेक म्हणाली. "वाचेन."

"सावकाश," धाकटी म्हणाली. "पण वाचलंस की सांग. नाही सांगितलंस तर मी पुन्हा विचारेन."